उघाडीपलीकडे

१

लग्न नोव्हेंबरात झालं आणि नवऱ्याचा छंद मला दुसऱ्याच रविवारी पहाटे पाचला कळला. प्रितेश अंधारात चाचपडत मोजे शोधत होता.

"कुठे?" मी विचारलं.

"खाजणात. पक्षी."

"आणायला?"

"बघायला." मग जरा ओशाळून म्हणाला, "फोटो काढतो मी. येतेस?"

मी भर शहरात, धामणकर नाक्यावर वाढले. तिथल्या मुलीला पक्षी दोनच माहीत असतात, कावळा आणि कबुतर. तिसरा चिकन सेंटरच्या पिंजऱ्यात बसलेला असतो. पण माझ्या पप्पांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि जिने दहावीपासून लोकांच्या पासपोर्ट फोटोंतले मुरूम पुसलेत तिला कॅमेऱ्याचं कौतुकही नसतं आणि भीतीही. शिवाय नव्या घरात रविवारची सकाळ आक्कांसमोर एकटीने बसून काढण्यापेक्षा चिखल बरा.

आक्का म्हणजे प्रितेशची आत्या. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले, वाढवलं आक्कांनी. मानकोलीच्या आत त्यांचं घर. पुढे गोदामांच्या पत्र्यांची रांग, मागे खाडी. त्यातल्याच एका गोदामात प्रितेश सुपरवायझर होता. भात पिकायचं तिथे आता ट्रक उभे असतात, पण गोदामांमागचा बांध चढलं की भरतीच्या पाण्याची मोकळी जमीन लागते आणि कडेने तिवरांचं रान. तेच खाजण. 'पक्ष्यांसाठी राखीव' असा सरकारी बोर्ड आहे तिथे. त्यावरचा बगळा पेंटरने बदकाकडे बघून काढला असावा.

२

प्रितेश बोलणारा नव्हता. चहाला 'हं' आणि जेवणाला 'बास', एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. खाजणात मात्र कुजबुजत शिकवायचा. प्रत्येक पक्ष्याचं एक अंतर असतं. तुतवार तीस पावलांपर्यंत येऊ देतो, शेकाट्या पन्नास, राखी बगळा सत्तर. त्याच्या आत पाऊल पडलं की उडाला. मी पावलं मोजून वहीत लिहायची. त्याचे फोटो त्यामुळे सगळे लांबचे, ठिपक्याएवढा बगळा आणि पुष्कळ चिखल. पप्पा बघून म्हणाले, "जावईबापू चिखल छान काढतात."

बांधावरून जाताना तो माझ्यामागे चालायचा आणि बरोबर माझ्या पावलावर पाऊल टाकायचा, पक्ष्यांना एकच माणूस वाटावा म्हणून. सहा महिने फोनवर गोड बोलून लग्न केलेल्या माझ्या मैत्रिणी आहेत. त्यांना हे सांगून उपयोग नव्हता.

आता नावाचं. खोलीत मी त्याला प्रितेशच म्हणायची, अरेतुरे करायची. खोलीबाहेर 'अहो'. पहिल्याच आठवड्यात आक्कांनी सुनावलं होतं, "नवऱ्याचा नाव घेतला का त्याचा आयुष्य तुटतं, बाय. उखान्यान घे, तवा चालतं." मी मनात हसले होते. पण पहाटे बांधावर कोळंबीला निघालेल्या बायका असत आणि त्यातली प्रत्येक आक्कांची मैत्रीण. म्हणून खाजणातही 'अहो'च.

३

जानेवारीचा तिसरा रविवार. धुकं असं होतं की बांध बारा पावलांवर संपत होता.

खाजणाच्या डाव्या टोकाला उघाडी आहे, भरतीचं पाणी अडवायची आणि सोडायची जुनी लाकडी झडप. तिच्यापलीकडे तुतवारांचा मोठा थवा उतरतो. प्रितेश तिकडे निघाला. "तू इथेच थांब. दोघांनी गेलो तर उडतील."

मी थांबले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. भरती चढायला लागली की चिखलातली खेकड्यांची भोकं भरत जातात, आणि खूप माणसं एकाच वेळी बशीतून चहा फुरकत असावीत तसा आवाज येतो. तो डावीकडून सुरू झाला आणि माझ्याजवळ येत गेला. मोबाइलला रेंज नव्हती.

"अहो," मी हाक मारली.

फुरफुर तेवढी चालू राहिली.

"अहो, कुठे आहात?"

"आलो."

आवाज उजवीकडून आला होता, तिवरांच्या बाजूने. तिकडे बांध नाही, वाट नाही, कमरेएवढा गाळ आहे. तो धुक्यातून चालत आला, गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर हसू.

"गारठलीस ना?" म्हणत त्याने माझी शाल नीट केली.

"तिकडून कसे आलात?"

"वळसा पडला."

घरी आल्यावर मागच्या दारी त्याचे बूट धुवायला घेतले. धुण्यासारखं काही नव्हतं. तळव्यांच्या खाचासुद्धा कोरड्या होत्या.

४

पुढच्या रविवारी लख्ख ऊन होतं. तो कॅमेरा घेऊन चालत गेला आणि तुतवार उडाले नाहीत.

तीस पावलं, वीस, दहा. ते त्याच्या बुटांच्या दोन्ही बाजूंनी चिखल टोचत राहिले. मी वहीत लिहायचं थांबले. मग तो राखी बगळ्याकडे वळला आणि इतका जवळ गेला की हात लांबवला असता तर चोचीला लागला असता. बगळा त्याच्याकडे बघत नव्हता. मान वाकडी करून तो माझ्याकडे बघत होता, ऐंशी पावलांवरच्या माझ्याकडे. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. दहाव्या पावलाला तो उडाला.

प्रितेश मागे वळून म्हणाला, "हळू गं."

मी कारणं काढली. स्वेटर राखाडी होता. वारा पडला होता. चार वर्षं तोच माणूस बघून त्यांना सवय झाली असेल. सगळी पटण्यासारखी होती, फक्त ती मला पटवावी लागत होती.

घरी तो ओट्यावर चहा प्यायला बसला की चिमण्या त्याच्या पायांवरून उड्या मारत तांदूळ वेचायच्या. मी दारात आले की भुर्र. तो बोलायलाही लागला होता. माझा दिवस कसा गेला ते विचारायचा. भांडी विसळू लागायचा. उशीवर डोकं टेकलं की माझा हात हातात घ्यायचा, आणि त्याचा हात नेहमी उबदार असायचा.

आईला फोन केला. "ते बदललेत गं."

"बदलले म्हणजे? घ्यायला लागलेत?"

"नाही. बोलायला लागलेत. भांडी विसळतात."

आईने मागचा टीव्ही बंद केला. "भाविका," ती म्हणाली, "ही तक्रार आहे का?"

तिचंही बरोबर होतं. अडीच महिन्यांच्या नवऱ्याबद्दल 'हा तो नाही' म्हणायला बाईकडे पुरावा काय असतो? मला त्याच्या अंगावरचे तीळसुद्धा अजून पाठ नव्हते.

५

फोटो आता अप्रतिम येत होते. बगळ्याच्या डोळ्याने सबंध मॉनिटर भरायचा. पप्पा त्यातला एक मोठा करून स्टुडिओत लावणार होते, म्हणून मी तो नीट करायला घेतला. आमच्या धंद्याची सवय अशी की चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा, आधी कडा. कडांना नको असलेलं काहीतरी असतंच.

वरच्या डाव्या कोपऱ्यात, लांब, उघाडीपलीकडे एक काळी उभी रेघ होती. खुंट असेल म्हणून मोठं केलं. खुंटाला खांदे होते, आणि एका खांद्यावरून तिरका उतरणारा कॅमेऱ्याचा पट्टा.

मी तारखा लावून फोटो उघडले. धुक्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्या उभ्या माणसाची पावलं चिखलात गेलेली होती. दुसऱ्या रविवारी गुडघे. तिसऱ्या, म्हणजे कालच्या रविवारी, चिखल कमरेला आला होता. तोंड प्रत्येक फोटोत आमच्या दिशेला होतं.

दुपारी जेवणं उरकून मी एकटीच बांधावर गेले. ओहोटी होती. उघाडीपर्यंत पोचले आणि पलीकडे बघितलं. कुणी नव्हतं. सपाट चिखल, त्यावर ऊन, आणि लांबवर शेकडो पक्षी चरत होते.

परत फिरणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की मधे जागा मोकळी आहे. कुणी नसलेल्या त्या चिखलाभोवती पक्ष्यांनी गोल सोडला होता. आत एकही नाही. कडेला तुतवार, साधारण तीस पावलांवर. त्यांच्यामागे शेकाटे, पन्नास. सगळ्यात बाहेर एक राखी बगळा, मान ताठ करून मधोमध बघत होता.

मी त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून हाक मारली, "अहो."

"आलो," माझ्या पाठीमागून आवाज आला.

गोदामात ड्युटीवर असायला हवा होता तो बांधावर माझ्यामागे उभा होता. धाप नव्हती, घाम नव्हता. "एकटी कशाला आलीस?" त्याने मायेने विचारलं. "घसरली असतीस म्हणजे?"

६

आक्का मागच्या दारी कोळंबी सोलत होत्या. मी समोर बसून सोलू लागले.

"आक्का, ह्यांना चिमण्या घाबरत नाहीत."

"कवापासून?"

'का' नाही विचारलं त्यांनी.

"ते धुकं पडलं होतं ना, त्या रविवारपासून."

"हाक तू मारलीस?"

"हो."

"काय म्हनून?"

"अहो म्हणून. तुम्हीच सांगितलं होतंत."

त्यांनी हातातल्या कोळंबीची शीर काढली आणि ती टोपात टाकली. "मी पन तेच म्हनलेलं," त्या म्हणाल्या. ओसरीच्या भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा, केसरीनाथ मामांचा, हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "बत्तीस वर्सा राहिले घरान. कवा हात उगारला न्हाय, कवा पिऊन आले न्हाय. पोर झाला न्हाय, येवढाच. आनी गेले तवा दहाव्याला कावला शिवला न्हाय. उनान बसलो आमी दुपारपर्यंत. कावले होते गो झाडावर, पन त्यांना कोन मेलाय तेच ठाव नवता."

"आणि आधीचे?"

"आधीचे कोन?" आक्का म्हणाल्या. आणि एवढ्या शांतपणे म्हणाल्या की माझ्या हातातली कोळंबी खाली पडली. त्यांनी ती उचलून धुतली. "घरी आलाय तो आपला, बाय. तुना पन बरा वागवतंय. शनवारी अवस हाय, आयतवारी उधान. बांधापर्यंत पानी चढल. मंग तुना तकडं काय दिसनार पन न्हाय. सुटशील."

त्या रात्री जेवताना तो म्हणाला की वरण फार छान झालंय. आधीचा 'बास' म्हणाला असता. मला तो 'बास' हवा होता. चिखलाचे फोटो काढणारा आणि माझ्या पावलावर पाऊल टाकणारा मला परत हवा होता, आणि तो कमरेपर्यंत गेलेला होता. 'अहो' कुणालाही म्हणता येतं, खाजणात त्याला मी अजून नावाने हाक मारलीच नव्हती.

७

रविवारी मीच त्याला उठवलं. "चल ना खाजणात."

तो खूश झाला. बाहेर पुन्हा धुकं होतं, त्या दिवसासारखं दाट. तो माझ्यामागून येत होता. बांधाच्या वाळक्या गवतावर मला फक्त माझ्याच चपलांचा आवाज येत होता.

उघाडीपाशी पोचलो. खालून पाण्याची फुरफुर सुरू झाली होती. दुपारपर्यंत सगळं भरणार होतं. तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि कॅमेरा डोळ्याला लावून धुक्यातले, तीन हातांवरचे तुतवार टिपू लागला. मी एकदा मागे बांधाकडे बघितलं. दहा पावलांवर दोन बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या, आमच्याकडेच बघत होत्या.

मी तोंडाशी हात धरले. "प्रितेश."

"काय?" शेजारचा म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले नाही. लांब, धुक्याच्या आत कुठेतरी, पंखांची एक मोठी फडफड झाली. एक थवा उठला होता आणि ओरडत डोक्यावरून निघून गेला. मग पुन्हा फुरफुर.

शेजारच्याने कॅमेरा खाली घेतला. "नको," तो हळूच म्हणाला. "परत नको मारूस."

मी पुन्हा तोंडाशी हात नेले.

"मी काय कमी केलं तुला?" त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. "तू हाक मारलीस म्हणून आलो. तो आला तर मी कुठे जाऊ?"

त्याने माझा हात हातात घेतला. गारठ्यात तासभर उभ्या असलेल्या माणसाचा हात इतका उबदार नसतो. पण उबदार होता, आणि मला रडू आलं, कारण मला थंडी वाजत होती आणि हे त्याला न सांगता कळलं होतं. मी उरलेल्या हाताने डोळे पुसले.

"प्रितेश," मी ओरडले. घसा फाटेल इतक्या जोरात ओरडले. बांधावरच्या बायका थबकल्या. "प्रितेश, मी इथे आहे. इकडे ये."

धुक्यात दुसरा थवा उठला, पहिल्यापेक्षा जवळ. त्याच्या अलीकडे तिसरा. मला काही दिसत नव्हतं, फक्त आवाजावरून कळत होतं की आमच्या दिशेने एक रेघ ओढली जातेय आणि तिच्या वाटेतले सगळे पक्षी उठताहेत. शेकाटे उठले, लांब लाल पाय मागे सोडून धुक्यातून बाहेर आले आणि आमच्यावरून गेले. त्यांच्यामागे बगळे, मग टिटव्या, जीव खाऊन ओरडत. मग चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आला. थोडा वेळ काही नाही. मग दुसरा पाय.

तीस पावलांवरचे तुतवार उठले. मग आमच्या पायाशी इतका वेळ निवांत टोचत असलेले, तेही एकदम उठले. खाजणात उडायला आता एकही पक्षी उरला नव्हता.

"भाविका," शेजारचा म्हणाला.

मी त्याचा हात सोडला.

गवतावर कॅमेरा पडल्याचा आवाज झाला. मी बाजूला पाहिलं नाही. माझी नजर समोर होती, धुक्यात काळं होत चाललेल्या एका उंच भागाकडे. माणसाएवढा असावा. चालणं अवघडल्यासारखं होतं, पण चार आठवडे चिखलात उभा राहिलेला माणूस अवघडून चालणारच.

"प्रितेश?" मी विचारलं.

'हं' आलं नाही. पाय उपसल्याचा आवाज तेवढा आला, आणि नंतर लगेच पुढचा. आता तो मधे थांबत नव्हता.

मागे बांधावर टोपली पडली आणि पळणाऱ्या पावलांचा आवाज लांब गेला. मी तिथेच उभी होते. अख्खं खाजण उडवून येणारा माणूस जिवंत असला पाहिजे, हे मी आठवडाभर मनाशी धरून ठेवलं होतं. पक्ष्यांना माणूस कळतो, तो आला की उडतात. पण ससाणा आला तरी ते असेच उडतात, कोल्हा आला तरी असेच. एवढी पावलं मोजून वहीत लिहिली मी, आणि हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

समोर धुक्यातून एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत काळा, तळवा वर केलेला. मी बोलावलं होतं. मी माझा हात पुढे केला.